साडेसातीचा शनी, साडेसात वाजता

परवा शनिवारी, ३ जानेवारीला, पौष पौर्णिमेचा चंद्र उगवला तेव्हा त्याच्या शेजारी एक ठळक, स्थिर ठिपका होता. उल्हासनगरच्या गोल मैदानातून, अंबरनाथच्या फलाटावरून किंवा बदलापूरच्या एखाद्या गच्चीवरून तो अनेकांना दिसला असेल आणि बहुतेकांनी तारा समजून सोडून दिला असेल. तो गुरू होता. उद्या, मंगळवारी, अंगारकी संकष्टी आहे. उपास सोडायला रात्री नवानंतर घरोघरी पूर्वेकडे नजरा लागतील. चंद्र वर येण्याची वाट पाहणाऱ्यांनी त्याच बाजूला थोडी मान उंच केली, तर गुरू तिथे आधीच येऊन बसलेला दिसेल.

ज्याच्या नावाने अंगारकी आहे तो अंगारक, म्हणजे मंगळ, मात्र उद्या कोणालाच दिसणार नाही. ९ जानेवारीला तो पृथ्वीवरून पाहताना सूर्याच्या पलीकडे असेल. त्याच्या आधी आणि नंतरचे काही आठवडे सूर्याच्या उजेडात तो बुडालेला राहतो. शुक्राचीही गत तीच, तो तर उद्याच सूर्यामागे आहे. मंगळामुळे लग्न अडलेली मुले-मुली या पट्ट्यात कमी नाहीत, साडेसातीच्या धास्तीने शनिवारी तेल वाहणारेही पुष्कळ. पण मंगळ कसा दिसतो, शनी आत्ता कुठे आहे, हे त्यांतल्या कितीजणांनी डोळ्यांनी पाहिले आहे? पत्रिकेतल्या चौकोनात ग्रह रोज भेटतात, आकाशातले ग्रह ओळखीचे नसतात. या हिवाळ्यात ही ओळख करून घेणे फार सोपे आहे.

उल्हासनगरसारख्या शहरातून आकाश दिसतच नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. रस्त्यांवरचे पांढरे दिवे, दुकानांच्या पाट्या, कारखान्यांच्या आवारातले झोत आणि हवेतली धूळ यांमुळे बारीक तारे हरवले आहेत हे खरे. आकाशगंगेचा पट्टा तर येथून दिसण्याचा प्रश्नच नाही. पण ग्रह या सगळ्याला पुरून उरतात. गुरू हा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यापेक्षा, व्याधापेक्षाही, ठळक आहे. बारीक ताऱ्यांची गर्दी नसल्यामुळे नवख्या माणसाला ग्रह शोधणे शहरातून उलट सोपेच जाते.

सुरुवात शनीपासून करावी, कारण तो आधी मावळतो. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पश्चिमेकडे तोंड करून थोडे डावीकडे वळावे. क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावर एक पिवळसर, शांत ठिपका दिसेल. बदलापूरकरांनी मलंगगडाच्या डोंगरांची दिशा धरून बरेच वर पाहावे. त्या भागात तितक्या उंचीवर दुसरे काही ठळक नाही. खाली, नैर्ऋत्येला, फोमलहॉट नावाचा जवळपास तेवढाच तेजस्वी तारा आहे, पण तो लुकलुकतो आणि बराच कमी उंचीवर असतो. रात्री अकराच्या सुमारास शनी मावळतो. आज तो पृथ्वीपासून सुमारे दीडशे कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे साडेसातला डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश, सूर्य नुकताच मावळत असताना तिकडून निघालेला असतो.

गुरू त्याच वेळी ईशान्य-पूर्वेला इमारतींच्या मागून वर येत असतो. नऊनंतर त्याला चुकवणे कठीण. १० जानेवारीला त्याची प्रतियुती आहे, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि गुरू जवळपास एका रेषेत येतात. त्या दिवशी तो सूर्य मावळताना उगवतो, रात्रभर दिसतो आणि मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येतो. अंतर सुमारे ६३ कोटी किलोमीटर, प्रकाशाला लागणारा वेळ ३५ मिनिटे. त्याच्याजवळचे दोन ठळक तारे हे पुनर्वसू नक्षत्रातले. आग्नेयेला खाली रंगीबेरंगी चमकणारा व्याध असतो आणि पुष्कळजण त्यालाच ग्रह समजतात.

ओळखायची खूण जुनीच आहे. तारे इतके दूर असतात की त्यांचा प्रकाश एका टोकदार बिंदूतून येतो. हवेच्या थरांच्या हालचालीने तो इकडे-तिकडे वळला की तारा लुकलुकतो. ग्रह जवळ असल्याने त्याची इवलीशी थाळी असते. तिच्या एका भागाचा प्रकाश हलला तरी दुसरा भाग सावरून घेतो, म्हणून ग्रह शांत दिसतो. अगदी क्षितिजाजवळ मात्र ग्रहही थरथरतो, तेव्हा निकाल द्यायची घाई करू नये. दुसरी खूण म्हणजे वाट. सूर्य आणि चंद्र ज्या पट्ट्यातून जातात त्याच पट्ट्यात ग्रह सापडतात. उत्तरेला ध्रुवाजवळ काही चमकले, तर तो ग्रह नव्हे. आणि ठिपका पाच मिनिटांत जागा सोडून पुढे गेला, तर ते मुंबईला उतरणारे विमान.

आता साडेसातीचा हिशेब. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे असतो. जन्मराशीच्या आधीची, जन्मराशी आणि नंतरची अशा तीन राशींची मिळून साडेसात वर्षे. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी दुर्बिणीशिवाय, केवळ डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या शनीचा पाठलाग केला होता. त्या निरीक्षणाला दाद द्यायलाच हवी. पण त्याच हिशेबाने पाहिले तर कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असते. सध्या ती कुंभ, मीन आणि मेष यांना आहे. म्हणजे चाळीस खाटांच्या वॉर्डात कोणत्याही दिवशी साधारण दहा रुग्ण साडेसातीतले असतात आणि बरे होऊन घरी जाणाऱ्या दर चारांतही साधारण एक साडेसातीतलाच असतो. मंगळाचेही तसेच. पत्रिकेतल्या बारा घरांपैकी पाच घरांत मंगळ असला की दोष धरतात. नुसत्या मोजणीने दहापैकी चारजण मंगळाचे निघतात. इतक्या माणसांना लागू पडणारा दोष कोणा एकाच्या नशिबाबद्दल काय सांगणार?

सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हा विषय विनोदाचा राहत नाही. शस्त्रक्रियेची तारीख दिली की नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, 'हे वर्ष जाऊ दिले तर चालेल का?' मोतीबिंदू काही महिने थांबतो. काचबिंदू थांबत नाही, आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. स्तनातली गाठ थांबत नाही. फिट येणाऱ्या मुलाला ग्रहशांती होईपर्यंत गोळ्या न देणे, मनाच्या आजाराला 'राहूची पीडा' म्हणून वर्षभर दडवून ठेवणे, क्षयाचे औषध दोन महिन्यांतच सोडून 'वाईट काळ' संपण्याची वाट पाहणे, या सगळ्याची किंमत रुग्ण मोजतो. शनी त्यातली कवडीही घेत नाही. ज्याला शांत करायची त्याने शांत जरूर करावी, त्याने मनाला धीर येत असेल तर त्यावर कोणा डॉक्टरने भांडू नये. भांडण फक्त उशिराशी आहे. पूजा आणि उपचार एकाच आठवड्यात होऊ शकतात.

ग्रहांची भीती आणि ग्रहांचे दर्शन यांची फारकत किती असू शकते, हे १९६२ च्या फेब्रुवारीत देशाने अनुभवले. आज सत्तरी ओलांडलेल्यांना ती 'अष्टग्रही' आठवत असेल. सूर्य, चंद्र आणि डोळ्यांना दिसणारे पाचही ग्रह मकर राशीत एकत्र आले, केतू धरून आठ. जगबुडी होणार म्हणून ठिकठिकाणी यज्ञ झाले, माणसे प्रवास टाळून घरी बसली. काहीही झाले नाही. गंमत अशी की, सगळे ग्रह सूर्याच्याच आसपास असल्याने त्या दिवसांत त्यांतला एकही रात्री दिसत नव्हता. देश घाबरला तो न दिसणाऱ्या गोष्टीला. याच महिन्यात १८ तारखेच्या अमावास्येला सूर्य, चंद्र, बुध, शुक्र आणि मंगळ पुन्हा एकाच दिशेला असतील. 'पंचग्रही योगा'चे मजकूर मोबाइलवर फिरू लागले, तर १९६२ ची आठवण ठेवावी.

याबाबत महाराष्ट्रात मोजमापही झाले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह २००८ मध्ये एक साधी चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवून उत्तर दिले असते तर पन्नास टक्क्यांच्या आसपास आले असते.

आता डोळ्यांकडे. ग्रह पाहायला दुर्बीण लागत नाही, निरोगी डोळे लागतात, आणि डोळे कसे आहेत हे गच्चीवर बऱ्यापैकी कळते. उजेडातून अंधारात गेल्यावर बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरे काम दृष्टिपटलावर होते. मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींमधले रंगद्रव्य उजेडात विरते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, वयस्करांना अधिक. मधेच मोबाइलच्या पडद्याकडे पाहिले की ती कमाई बरीचशी वाया जाते. ग्रह दाखवणारी ॲप उपयोगी आहेत, पण पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवावा आणि दिशा कळली की फोन खिशात टाकावा. दृष्टिपटलाच्या मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून एखादा अंधूक तारा रोखून पाहिला की नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला नेली की परत येतो. मुलांना हा खेळ फार आवडतो.

गुरूकडे आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने पाहावे. दोन्हींना सारखाच, लहान आणि ठळक ठिपका दिसला पाहिजे. त्यातून फुटणाऱ्या रेघा एका बाजूला ओढल्यासारख्या वाटत असतील, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. पन्नाशीपुढच्या माणसाला एकाच डोळ्याने पाहताना एकाचे दोन दिसत असतील किंवा भोवती धुरकट वलय वाटत असेल, तर मोतीबिंदूची शंका घ्यावी. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. दिव्यांभोवती रंगीत वलये, डोळा लाल, डोके दुखणे आणि उलटी असे एकत्र झाले, तर ती रात्र गच्चीवर काढायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे. सगळी भावंडे 'तो बघ, तो बघ' म्हणत असताना एखादे दहा वर्षांचे पोर नुसतेच मान हलवत असेल, तर ते खोटे बोलत नाही. त्याला बहुधा लांबचे दिसत नाही. वर्गात फळा दिसत नाही हे सांगायला मुले लाजतात, आणि त्यांच्यावर 'अभ्यासात लक्ष नाही' असा शिक्का बसतो.

रातांधळेपणा ही त्यापुढची गोष्ट. संध्याकाळ झाली की अडखळणारे, ताटातले चाचपडणारे लहान मूल 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे असू शकते. त्यासाठी नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस सरकारी आरोग्य केंद्रांत दिले जातात. पहिला डोस बहुतेक मुलांना गोवरच्या लशीबरोबर मिळतो, पुढचे आईबापांच्या विसरण्यात जातात. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई, अंडे यांनी रोजची गरज भागते. गोळ्या मनाने घेऊ नयेत, जास्त झालेले 'अ' जीवनसत्त्व यकृताला आणि गरोदरपणी बाळाला घातक ठरते.

दिसण्यात अडसर फक्त डोळ्यांचा नसतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते. तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचे झाकण तयार होते. वाहनांचा, कारखान्यांचा, कचरा जाळल्याचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ज्या संध्याकाळी व्याध वर येऊनही तांबूस, मळकट दिसतो आणि क्षितिजाजवळ काहीच सापडत नाही, त्या संध्याकाळी तोच धूर श्वासात जात असतो. आकाश पाहून हवेचा निर्देशांक सांगता येत नाही, त्यासाठी यंत्रेच हवीत. पण दमेकऱ्याने आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णाने अशा रात्री गच्चीवर बसू नये एवढा निष्कर्ष पुरेसा आहे. ज्येष्ठांनी कानटोपी घालावी, छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी जेवल्यावर लगेच चार मजले चढू नयेत. ग्रह खिडकीतूनही दिसतात.

ज्यांना एकदा खरे काळे आकाश पाहायचे आहे त्यांना लांब जावे लागत नाही. बदलापूरनंतरचे स्थानक वांगणी. खगोल मंडळ ही मुंबईची संस्था तिथे कित्येक वर्षे हिवाळ्यात रात्रभराचे आकाशदर्शन भरवत आली आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या अनेक पिढ्यांनी शनीची कडी पहिल्यांदा वांगणीतच पाहिली. यंदा ती कडी जवळजवळ कडेवर असल्याने दुर्बिणीतून बारीक रेघेसारखी दिसतात, हे माहीत नसले तर निराशा होते. वस्ती जसजशी कर्जतच्या दिशेने सरकते आहे तसतसा तिथला अंधारही आकसतो आहे. रस्त्यावर दिवे हवेतच, विशेषतः रात्रपाळीहून परतणाऱ्या बायकांसाठी. पण दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, ढगांवर नव्हे. वर टोपी असलेला दिवा त्याच विजेत रस्ता अधिक उजळतो. तिन्ही शहरांच्या पालिकांनी पुढच्या निविदेत एवढी अट घालायला काय हरकत आहे? शाळांनाही खर्च नाही. जानेवारीतली एक संध्याकाळ, शाळेचे मैदान, आणि तासाभरासाठी बंद केलेले दिवे.

साधी दहा पटींची द्विनेत्री कोणाकडे असेल, तर ती गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरूकडे धरावी. त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत तीन-चार बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने ते पहिल्यांदा पाहिले तो दिवस होता ७ जानेवारी १६१०, म्हणजे परवा त्याला ४१६ वर्षे होतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले तर ठिपक्यांची जागा बदललेली असते. पृथ्वीभोवतीच सारे फिरते या समजाला गेलेला पहिला तडा नेमका हाच होता.

पुढच्या काही तारखा लिहून ठेवाव्यात. २० जानेवारीच्या संध्याकाळी पश्चिमेला द्वितीयेची कोर असेल. उल्हासनगरच्या सिंधी घरांत अमावास्येनंतरची ही कोर पाहून दर महिन्याला 'चंड' पाळतात. तिकडे पाहणाऱ्या डोळ्यांनी तीन दिवस चंद्राचा माग काढला, तर २३ जानेवारीला, वसंत पंचमीला, तो त्यांना शनीजवळ आणून सोडेल. ३० आणि ३१ तारखेला चंद्र गुरूजवळ असेल. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सूर्यास्तानंतर लगेच पश्चिम क्षितिजाजवळ शुक्र आणि बुध दिसू लागतील. बुध १९ फेब्रुवारीच्या आसपास सूर्यापासून सर्वांत दूर असेल. उंच इमारती आड न येणारी जागा त्यासाठी आधी शोधून ठेवावी, आणि सूर्य पूर्ण मावळेपर्यंत द्विनेत्री डोळ्याला लावू नये, कारण सूर्याचा एक क्षणही दृष्टिपटल जाळायला पुरतो. शनी तोवर रोज थोडा खाली सरकलेला असेल आणि मार्चमध्ये सूर्याच्या उजेडात दिसेनासा होईल. पुन्हा सोयीच्या वेळी, संध्याकाळी पूर्वेला उगवताना, तो पावसाळ्यानंतर भेटेल.